मडीचे हातमोजे

तुझ्या हातांबद्दल लिहू का, असं मी आत्याला विचारलं, तर ती म्हणाली, "लिही की. मराठीत लिहितीस नं? इथं कोण वाचाला बसलंय?" तिचं खरं आहे. तंजावुरातल्या आमच्या घराण्यात मराठी सगळे बोलतात, पण देवनागरी वाचणारी आता मी एकटीच उरले आहे. आत्या तमिळ पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते आणि मराठी अक्षर दिसलं की "हे तुझं" म्हणून माझ्याकडे सरकवते. तेव्हा परवानगी मिळाली आहे, आणि ती हे वाचून चुका काढणार नाही, हा त्यातला जास्तीचा फायदा.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. सत्तरी गाठायला आली आहे. वडील गेले, मी शाळेतून निवृत्त झाले आणि घरात आम्ही दोघीच राहिलो. घर माझं आणि मागची बाग तिची, अशी वाटणी कुणी न करताच होऊन गेली.

तिच्या दोन्ही हातांना मनगटाखाली काही कळत नाही. काटा कळत नाही, चटका कळत नाही, गारठा कळत नाही. ऐन तारुण्यात तिला कुष्ठरोग झाला होता. आमच्या घरात हा शब्द कुणी उच्चारत नसे. 'तो आजार' म्हणत, तेही आवाज खाली आणून. मी सरळ उच्चारते. औषधं घेऊन तो पूर्ण बरा झाला, त्यालाही आता चाळीसच्या वर वर्षं झाली. पण तोवर ज्या नसा गेल्या होत्या त्या गेल्याच. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं आत वळली ती तशीच राहिली. शेजारीपाजारी कुणी विचारलं तर 'लहानपणी उकळतं तेल सांडलं' हे उत्तर ठरलेलं होतं. आम्ही मुलांनी ते इतक्यांदा दिलं की पुढेपुढे मला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं.

अशा हातांनी ती बाग करते. बाग म्हणजे गच्चीवरच्या चार कुंड्या नव्हेत. विहिरीपासून मागच्या भिंतीपर्यंत तगर, जास्वंद, अबोली, जाईचे वेल, गावठी गुलाब, बेल, तुळशीचा वाफा आणि मधोमध एक कागदी लिंबाचं झाड, ज्याच्या अंगावर पानांपेक्षा काटे जास्त आहेत.

मी बागेतली नव्हे. मला झाडं लांबून आवडतात. पण ती काम करत असली की मी मागच्या पायरीवर कॉफी घेऊन बसते आणि बघत राहते. तिच्या खुरप्याच्या मुठीला जुन्या लुगड्याची पट्टी इतकी जाड गुंडाळलेली आहे की ती मूठ लहान मुलाच्या मनगटाएवढी झाली आहे. का, तर ज्या हाताला कळत नाही तो गरजेपेक्षा जोरात आवळतो आणि मग फोड येतात. उन्हात तापलेल्या हातपंपाच्या दांड्याला ती आधी कोपराजवळचा भाग लावून बघते. अंघोळीचं पाणीही कोपरानंच बघते. तण बोटांनी कधीच उपटत नाही. कण्हेरीचा चीक, शेणखत, चुना, प्रत्येकाला तिचं वेगळं हत्यार आहे. माझे दोन्ही हात शाबूत, सगळं कळणारे, आणि मी आठवड्यातून एकदा तरी तव्यावर बोट भाजून घेतेच. तिला इतक्या वर्षांत मी फार तर दोनदा भाजलेलं पाहिलं असेल.

संध्याकाळी काम संपलं की ती पायरीवर बसते. कोमट पाण्यात हात बुडवून ठेवते, पुसते, तिळाचं तेल लावते आणि मग मावळत्या उजेडात एकेक बोट फिरवून बघते. पुढून, मागून, पेरांच्या मधे, नखांच्या कडेला. मी तीसेक वर्षं शाळेत वह्या तपासल्या, पण इतक्या लक्षपूर्वक एकही नाही.

आता हातमोज्यांकडे येते. आमच्याकडे सोवळ्याला मडी म्हणतात. मडीचं कापड म्हणजे धुऊन, छताजवळच्या दांडीवर वाळत टाकून, त्यानंतर कुणाचाही हात न लागलेलं कापड. काठीनं वर चढवायचं आणि काठीनंच खाली घ्यायचं. देवाची फुलं तोडायची तर अंघोळ करून, मडीनं. फुलं तोडणं हे आत्याचं काम, आणि फुलांच्या वाटेत गुलाब आहे, लिंबू आहे, बेल आहे, म्हणजे काटेच काटे. म्हणून तिनं माझ्या आजोबांच्या जुन्या धोतरांचे दुपदरी हातमोजे शिवले. रोज संध्याकाळी ते धुवायचे, काठीनं दांडीवर टाकायचे आणि पहाटे अंघोळ करून काठीनं काढून घालायचे. जगात कुठे हातमोज्यांना सोवळं असेल तर ते आमच्या घरी. कुणी पाहुणा मागच्या पडवीत आला की वर बघून विचारतोच, हे पंजे कुणाचे?

मी एकदा फोनवरून तिच्यासाठी चांगले बागेचे हातमोजे मागवले होते. एक जोडी चामड्याची, कोपरापर्यंत येणारी, आणि एक रबराची. मोठ्या कौतुकानं तिच्यापुढे ठेवल्या. तिनं चामड्याची जोडी खुरप्याच्या टोकानं उचलून बाजूला केली.

"कातडं घालूनु तुळशीला हात लावूं?"

"मग रबराची घाल."

"हे चोखोट आहे," ती म्हणाली. "शेणाला होईल."

चोखोट म्हणजे आमच्या बोलीत उत्तम. रबराची जोडी शेणखताच्या खड्ड्यापाशी खिळ्याला टांगली गेली, ती अजून तिथं आहे आणि वापरात आहे. चामड्याची मी रागानं दुकानाला परत पाठवली. माझा राग असा तुरीसारखा शिजतो, लवकर नाही, पण मग भांड्याबाहेर येतो.

गोष्ट घडली ती मागच्या ऐप्पसी महिन्यात. आमच्याकडचा खरा पाऊस दिवाळीच्या आगेमागे येतो आणि आला की आठवडा आठवडा उघडत नाही. दांडीवरचं काहीच वाळत नाही. साड्या वाळत नाहीत, पंचे वाळत नाहीत, मग दुपदरी हातमोजे कुठले वाळायला? मडीच्या नियमात याला एक पळवाट आहे. वाळलं नाही तर ओलंच नेसा, ओलं कापड मडीच. आत्यानं ओले हातमोजे घालायला सुरुवात केली.

"भिजलेल्या कातडीत काटा लोण्यासारखा जातो, हे मला कुणी शिकवलं?" मी विचारलं.

"मीच," ती म्हणाली. "एक तासाचं काम गे. मग पुसूनु टाकतें अस्क."

अस्क म्हणजे सगळं. तिचं सगळं पुसून टाकणं म्हणजे काय ते मला माहीत होतं. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. पण उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यातली मी नव्हे. संध्याकाळी ती देवघरात दिवा लावून स्तोत्रं म्हणायला बसली की मी मागच्या पडवीत जायचे, काठीनं हातमोजे खाली घ्यायचे, त्यांवर कडक इस्त्री फिरवायचे आणि काठीनं पुन्हा होते तसे वर टाकून द्यायचे. कुणाला पत्ता नाही. ती पहाटे बागेत जाते आणि मी उठते सातला, त्यामुळे सकाळी तिच्या हातात काय आहे ते मी काही बघत नव्हते. कोरडे असणारच, इस्त्री मी केली होती ना! नऊ-दहा दिवस मी स्वतःवर फार खूश होते.

एका संध्याकाळी उजव्या मोज्याच्या पहिल्या बोटावर तांबूस डाग दिसला. जास्वंदीचा असेल म्हणून मी त्यावरून इस्त्री फिरवली. दुसऱ्या दिवशी तो डाग धुऊनही गेला नव्हता, उलट वाढला होता, आणि इस्त्रीखाली त्याचा जो वास आला तो फुलाचा नव्हता. मी मोजा हातात घेऊन तशीच देवघरात गेले. देवासमोर जाऊन ओरडायची माझी ती पहिलीच वेळ.

"उजवा हात दाखव."

तिनं हात वर केला. पहिल्या बोटाच्या टोकाला, नखाच्या बाजूनं, हरभऱ्याएवढी खोल जखम होती. भोवतालची कातडी पांढरी पडून सुरकुतलेली, तासन् तास पाण्यात राहिल्यासारखी. तिनं बोट डोळ्यांजवळ नेलं, दिव्याजवळ नेलं, मग पुन्हा डोळ्यांजवळ. तिला ती जखम त्या क्षणापर्यंत दिसलीच नव्हती, हे तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं.

मग तिची नजर माझ्या हातातल्या मोज्याकडे गेली.

"तूंच इस्त्री करत होतीस," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"घडी दिसते की. हात लागलेलं कसं घालूं मी? रोज पहाटे विहिरीच्या पाण्यात बुडवूनु घालत होतें."

म्हणजे असं चाललं होतं. रोज संध्याकाळी मी ते वाळवत होते आणि रोज पहाटे ती ते भिजवत होती. मी हात लावला नसता तर ते निदान अर्धेमुर्धे सुकलेले असते. माझ्यामुळे ती निथळते हातमोजे घालून तासभर काट्यांत वावरत होती. करायला गेले एक आणि झालं भलतंच. दोघींपैकी एकीनं जरी तोंड उघडलं असतं तरी हे टळलं असतं, पण तिला मला दुखवायचं नव्हतं आणि मला तिच्याशी भांडायचं नव्हतं. आमच्या घराण्यात प्रेमाचे असेच उद्योग चालतात. मला रडू आलं आणि तिचा इतका राग आला की रडताना मी मोजा जमिनीवर आपटला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण मुलगी होती, माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची. तिनं जखम साफ केली, बारीक सळईनं खोली बघितली आणि आत्या शांतपणे दुसरीकडे बघत बसली, जणू ते बोट शेजारणीचं होतं.

"हाडापर्यंत गेलेलं नाही, थोडक्यात वाचलं," डॉक्टर म्हणाली. "तीन आठवडे या हाताला पाणी नाही, माती नाही. पुन्हा अशी जखम झाली आणि उशिरा कळली, तर पेर काढावं लागेल. हात रोज बघता ना?"

"रोज बघते," आत्या म्हणाली.

डॉक्टरनं तिच्या डोळ्यांत बॅटरी मारली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. जखम भरली आणि रक्तातली वाढलेली साखर ताब्यात आली की पोंगल उलटल्यावर शस्त्रक्रिया करून घ्या, असं ती म्हणाली. तोवर तिला जवळचं बारीक काही दिसणार नव्हतं. आत्यानं हे मला कधी सांगितलं नव्हतं. पेपर ती तेव्हाही रोज धरून बसायची, त्यामुळे मला वाटायचं वाचते आहे.

घरी आल्यावर मी भांड्याबाहेर आले.

"बाग बंद," मी म्हटलं. "फुलं दारात फुलवालीकडून घ्यायची. गावातले सगळे घेतात, त्यांचे देव काही उपाशी नाहीत. एका बोटापेक्षा मडी मोठी झाली काय तुला? नाकापेक्षा मोती जड!"

ती मागच्या पायरीवर जाऊन बसली. बऱ्याच वेळानं मला हाक मारली आणि शेजारी बसायला सांगितलं. मग तिनं जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते, कारण ती मधेच थांबत होती आणि मधेच तमिळमध्ये जात होती.

आजार उघड झाला तेव्हा तिच्या लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. सासरच्यांनी तिला एका पेटीसह आणून सोडलं. इथं कुणी वाईट बोललं नाही. पण तिचं ताट वेगळं मांडायला लागले. तिनं भरलेलं पाणी कुणी पीत नसे, कुणी कारण सांगत नसे. घरात सगळ्यात कडक माणूस म्हणजे तिचे वडील, माझे आजोबा. कावळ्याचं पीस अंगावर पडलं तरी पुन्हा अंघोळ करणारे. ती आली त्याच्या चौथ्या दिवशी ते पूजेला बसले आणि देवघरातून सगळ्या घराला ऐकू जाईल असं म्हणाले, "आजपास्नं देवाचं फूल ती आणील." आजी घाबरली, काकू रडल्या, आत्या खोलीतून बाहेर येईना. आजोबा पूजा अर्धवट ठेवून बसून राहिले. देवाला फूल नाही म्हणून पूजा नाही, पूजा नाही म्हणून नैवेद्य नाही, नैवेद्य नाही म्हणून कुणाला जेवण नाही. दुपार व्हायला आली तेव्हा ती उठली, अंघोळ केली, ओलेत्यानं बागेत गेली आणि ओंजळभर तगर घेऊन आली. आजोबांनी ताम्हन पुढे केलं नाही. त्यांनी आपली ओंजळ पुढे केली आणि तिच्या हातांतली फुलं हातांत घेतली. ती फुलं देवावर वाहिली आणि मग म्हणाले, वाढा.

"त्या सांजेपास्नं माझं ताट अस्क्यांबरोबर," ती म्हणाली. "देवानं घेटलं, मग माणूस नको कसं म्हणेल? तूं मला फूल विकत घे म्हणटलंस. फूल मिळेल गे. ते फूल सोडूनु मी या घरात कोण, ते सांग."

तो दिवस मला आठवतो. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांची असेन. मला एवढंच आठवत होतं की त्या दिवशी जेवायला फार उशीर झाला आणि मी भुकेनं रडून सगळ्यांना छळलं. इतकी वर्षं मी तो दिवस माझ्या भुकेचा म्हणून लक्षात ठेवला होता. मला स्वतःची भारी लाज वाटली, आणि आजोबांचा इतका अभिमान वाटला की मी उठून आत गेले आणि त्यांच्या फोटोवरची धूळ पुसली. मडीला मी आयुष्यभर नावं ठेवत आले. ज्या माणसानं ती सगळ्यात कडक पाळली त्यानंच ती अशी वापरली, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

तीन आठवडे फुलं मी तोडली. पहाटे उठून, अंघोळ करून, मडीची साडी नेसून. आत्या पायरीवरून हुकूम सोडायची. कुठली कळी आज नको, कुठली फांदी वाकव, लिंबाच्या डाव्या अंगानं जा. मी तिचे हातमोजे घातले नाहीत, मला कशाला लागतात, असं वाटलं. आठवड्यात माझे हात मांजरीशी भांडल्यासारखे दिसायला लागले. पहाटेच्या गारठ्यात बोटं आखडायची आणि ओल्या फांद्यांवरून पाणी मनगटावरून बाहीत शिरायचं. मला दहा काट्यांपैकी दहा कळत होते तरी ही गत. तिला एकही न कळता तिनं चाळीस वर्षं ही बोटं टिकवली होती. हे जमवणाऱ्या बाईला मी शहाणपण शिकवायला निघाले होते.

पाऊस अजून होताच. एक दिवस माझी मडीची साडी वाळली नाही. मी पडवीतून विचारलं, "ओलीच नेसू का?"

"ओली कशाला? पट्टू नेस की. पट्टूला रोज धुवाला नको, मडी जात नाही त्याची," आत्या म्हणाली, आणि एकदम आपल्या हातांकडे बघायला लागली.

पट्टू म्हणजे रेशीम. रेशमी वस्त्र नेसून जेवलं नाही, बाहेर गेलं नाही, तर ते न धुता दिवसेंदिवस मडीच राहतं, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही होतं, तिलाही होतं. पण हातमोज्यांच्या बाबतीत ते दोघींनाही इतकी वर्षं सुचलं नव्हतं. ती उठली, आतल्या खोलीत गेली, आणि पेटी उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातावर लालगर्द नऊवारी होती, हातभर रुंद जरीचा काठ असलेली. तिच्या लग्नातली. सासरहून तिच्याबरोबर परत आलेली तीच पेटी, त्यातली साडी.

"काप," ती म्हणाली.

माझ्यानं कात्री धरवेना. मी म्हटलं, माझी एखादी घेऊ, बाजारातून तुकडा आणू. ती म्हणाली, "नेसाला कामाला आली नाही. हाताला तरी येऊं दे." तिच्या आवाजात दुःख नव्हतं. उलट घाईच होती.

ते हातमोजे मी शिवले, तिच्या सांगण्यावरून, चार वेळा उसवून. असं शिवणकाम मी कधी पाहिलं नव्हतं. आत मऊ रेशमाचे दोन पदर, बाहेर एक. शिवण सगळी बाहेरच्या बाजूला, कारण आतली शिवण बोटाला घासत राहिली तर हिला कळणार नाही. त्यामुळे मोजे उलटे घातल्यासारखे दिसतात. अंगठा आणि पहिल्या दोन बोटांवर काठाची जर दुहेरी करून लावली. जुनी जर होती ती, खऱ्या तारेची. गुलाबाचा काटा तिच्यावर टेकवून दाबला तर काटा वाकला, आत गेला नाही. डाव्या हाताच्या वळलेल्या दोन बोटांसाठी वेगळी घरं नाहीत, एकच मोकळी पिशवी. रेशीम पाणी झटकलं की लवकर वाळतं आणि थंडीत ऊब धरतं. तिला ऊब आगीजवळ बसून घेता येत नाही, भाजलं तरी कळायचं नाही. त्यामुळे ही ऊब तिच्या फार कामाची. हे सगळं तिनं डोळ्यांना नीट दिसत नसताना, एका हाताला पट्टी असताना, नुसतं बोलून माझ्याकडून करवून घेतलं. मी तिला म्हटलं, तू शिक्षिका व्हायला हवी होतीस, तर म्हणाली, "तुझ्यासारखी ढ पोर मिळाली असती तर सोडूनु पळटलें असतें."

जखम भरली. डॉक्टरनं बोट दाबून बघितलं, हातमोजे उलटसुलट करून बघितले आणि फोटो काढून घेतला. मार्गळी, म्हणजे आमचा डिसेंबरातला थंडीचा महिना, लागली होती, पहाटे पानापानावर दव. आत्या अंघोळ करून आली, एकदा धुऊन मडीचे केलेले रेशमी हातमोजे घातले, मीही अंघोळ करून तिच्या मनगटाच्या नाड्या बांधल्या. लाल पंजे आणि सोनेरी बोटं घेऊन ती पांढऱ्या तगरीत शिरली. अशी राजेशाही माळीण या गावात राजे होते तेव्हाही कुणी पाहिली नसेल. मी त्या दिवशी साडेपाचला उठून पायरीवर बसले होते, आणि त्यानंतर रोज उठते.

त्याच संध्याकाळची गोष्ट. तिनं हात भिजवले, पुसले, तेल लावलं आणि बघायला घेतले. एक बोट डोळ्यांजवळ नेलं, लांब केलं, पुन्हा जवळ नेलं. असं बराच वेळ चाललं. मग तिनं माझ्याकडे न बघता दोन्ही हात माझ्या मांडीवर ठेवले. दवाखाना सोडला तर मला आठवतंय तेव्हापासून तिनं आपले हात कुणाच्या हातात दिले नव्हते. आजारपणातही नाही, सणाला नमस्कार करतानाही नाही.

मी चष्मा लावला. एकेक बोट धरलं. पुढून, मागून, पेरांच्या मधे, नखांच्या कडेला. दिसतं तेवढ्यावर भागणार नाही म्हणून मी माझं बोट तिच्या कातडीवरून सावकाश फिरवत गेले. उजव्या मनगटाशी, जिथं नाडी सैल बांधली गेली होती, तिथं लिंबाच्या काट्याचं मोडलेलं टोक होतं. डोळ्यांना ते दिसलंच नव्हतं. ते माझ्या बोटात घुसलं.

"आई गं!"

"दुखलं तुला?" तिनं विचारलं.

"दुखलं."

"चोखोट झालं," आत्या म्हणाली. "कुणाला तरी दुखलं पाहिजे." आणि मी काटा काढेपर्यंत तिनं हात तसेच ठेवले.